मळीपासून मक्यापर्यंत: देशातलं औद्योगिक अल्कोहोल आणि आपला खान्देश

तापीकाठी (धागाकर्ता)

खान्देशातल्या कुठल्याही बाजार समितीत मक्याच्या ढिगापाशी जरा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "थांबा थोडं, इथेनॉलवाले खरेदीला उतरले की भाव चढेल." बोंडअळी आणि वेचणीच्या मजुरीला कंटाळून कपाशी सोडून मक्याकडे वळलेले आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण इथेनॉलच्या भरवशावर माल घरात कोंडून ठेवण्याआधी हे अल्कोहोल देशात कशापासून बनतं, कोण घेतं आणि भाव कोण ठरवतं, एवढं तरी बघून घ्यावं. माझी सगळी नोकरी डिस्टिलरीच्या लॅबमध्ये गेली, म्हणून हा धागा मीच काढतो. पिण्याच्या दारूची चर्चा इथे नको, तिला वेगळे धागे आहेत आणि तिथे गर्दीही भरपूर असते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. देशात अल्कोहोल अफाट वाढलं, पण त्याचं गिऱ्हाईक बदललं आणि कच्चा मालही बदलला. हे दोन्ही बदल दिल्लीच्या आदेशांवर झाले. आदेशाने चढलेला भाव आदेशानेच उतरतो.

जुन्या काळी सगळा खेळ मळीचा. साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, चिकट रस. त्यात पाणी आणि यीस्ट घालून आंबवायचं, साधारण दीड दिवसात वॉशमध्ये, म्हणजे त्या आंबलेल्या पाण्यात, आठ-दहा टक्के अल्कोहोल तयार होतं, मग कॉलममधून, म्हणजे उंच नळकांड्यातून, उकळून ९५ टक्क्यांच्या आसपास रेक्टिफाइड स्पिरिट काढायचं. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याचा कायदा आपल्याकडे १९४८ सालीच झाला होता, म्हणजे हे काही आजचं खूळ नाही. पण त्या काळात खरा ग्राहक होता रसायन उद्योग. अल्कोहोलपासून अॅसिटाल्डिहाइड, त्यापासून अॅसेटिक अॅसिड, पुढे इथाइल अॅसिटेट, अशी साखळी. एवढंच काय, बरेलीला १९६० च्या दशकात अल्कोहोलपासून कृत्रिम रबर बनवणारा कारखाना उभा राहिला होता. पेट्रोलियमपासून ही रसायनं स्वस्तात निघू लागली तशी ती साखळी एकेक कडीने सुटत गेली.

तेव्हा मळीचा आणि अल्कोहोलचा भाव सरकार ठरवायचं. मळी नियंत्रण आदेश १९६१ चा, अल्कोहोल दरनियंत्रण १९७१ चं. मळीचा भाव इतका किरकोळ असायचा की तिला नीट टाक्या बांधायलाही कारखाने तयार नसत, उघड्या खड्ड्यात साठवायचे. १९९३ मध्ये हे नियंत्रण उठलं आणि मळीला किंमत आली.

मग पेट्रोल. २००१ मध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायचे प्रायोगिक प्रकल्प झाले ते मिरज, बरेली आणि आपल्या शेजारच्या मनमाडला. २००३ पासून नऊ राज्यांत योजना सुरू झाली आणि पुढची दहा वर्षं रखडत चालली. २०१३-१४ मध्ये तेल कंपन्यांना मिळालेलं इथेनॉल ३८ कोटी लिटर, मिश्रण दीड टक्का. त्यानंतर कच्च्या मालाप्रमाणे वेगवेगळे ठरीव दर आले, २०१८ चं जैवइंधन धोरण आलं, डिस्टिलरीच्या कर्जाला व्याजसवलत आली. २०२०-२१ मध्ये ३०० कोटी लिटरच्या वर, जून २०२२ मध्ये १० टक्के मिश्रण, २०२३-२४ मध्ये ७०० कोटी लिटरच्या वर आणि २०२५ मध्ये २० टक्के. मूळ लक्ष्य २०३० चं होतं, ते पाच वर्षं अलीकडे ओढलं.

आणि आता यातलं निम्म्याहून बरंच जास्त इथेनॉल उसाचं नाही, धान्याचं आहे. आपला संबंध इथे येतो.

---

गिरणाकाठ

मस्त धागा आप्पा. एक शंका. पेट्रोलमध्ये जातं त्याला "औद्योगिक" म्हणायचं का? आणि ते स्पिरिट आणि हे इथेनॉल एकच का?

---

तापीकाठी

रेणू एकच, पाण्याचा फरक. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये चार-पाच टक्के पाणी असतं आणि ते नुसतं उकळून निघत नाही, कितीही कॉलम लावा. पेट्रोलला ९९.६ टक्क्यांचं लागतं. त्यासाठी स्पिरिटची वाफ झिओलाइट नावाच्या पदार्थाच्या बारीक गोळ्यांमधून सोडतात, त्या गोळ्या पाणी धरून ठेवतात आणि अल्कोहोल पुढे जाऊ देतात. मॉलिक्युलर सीव्ह म्हणतात त्याला. दोन टाक्या असतात: एक काम करते तेव्हा दुसरी वाळते, आणि काही मिनिटांनी अदलाबदल. त्या व्हॉल्व्हचा खाडकन आवाज ज्याने रात्रपाळीत ऐकलाय तो विसरत नाही.

पिता येऊ नये म्हणून त्यात कडू किंवा घाणेरड्या वासाचं रसायन घालतात, त्याला डिनेचर करणं म्हणतात. उत्पादन शुल्कवाल्यांची कुलपं-सिलं या सगळ्यावर असतात. मी औद्योगिक म्हणतोय ते या अर्थाने: पिण्याचं सोडून बाकी सगळं. पण त्यातही रसायनाला जाणारं आणि इंधनाला जाणारं यांची आता ओढाताण आहे.

---

एमआयडीसी_जळगाव

ती ओढाताण आम्ही भोगतो. माझं पाउच प्रिंटिंगचं छोटं युनिट आहे. शाई पातळ करायला आणि लॅमिनेशनला इथाइल अॅसिटेट लागतं, ते बनतं अल्कोहोल आणि अॅसेटिक अॅसिडपासून. आधी सॉल्व्हंटवाला म्हणायचा, "गाळप सुरू झालं की रेट नरमेल." आता गाळपाचा हंगाम आला काय आणि गेला काय, भाव तिथेच. विचारलं तर उत्तर एकच, डिस्टिलरी तेल कंपन्यांना माल देतात, तिथे दर बांधलेला आणि पैसे वेळेवर. आमच्यासारख्या ड्रममध्ये घेणाऱ्याला कोण विचारतो?

---

तापीकाठी

बरोबर दुखण्यावर बोट ठेवलंत. म्हणूनच देशात इतकं अल्कोहोल बनत असूनही रसायन कंपन्या बाहेरून, मुख्यतः अमेरिकेतून इथेनॉल मागवतात. इंधनासाठीच्या आयातीवर निर्बंध आहेत, औद्योगिक वापरासाठी मात्र ते येतं. म्हणजे आपला मका आणि ऊस गाडीच्या टाकीत, आणि अमेरिकेचा मका आपल्या शाईत. बेरीज-वजाबाकी ज्याची त्याने करावी.

---

वकीलबुवा_धुळे

कायद्याची बाजू थोडक्यात. १९९० मध्ये सिंथेटिक्स अँड केमिकल्सच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं होतं की औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांना कर लावता येणार नाही. (आप्पांनी वर लिहिलेला बरेलीचा रबर कारखाना तो याच कंपनीचा.) २३ ऑक्टोबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ मतांनी तो निकाल फिरवला. आता औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांचा अधिकार चालतो. न्या. नागरत्ना यांचं मत वेगळं होतं. राज्यांची तिजोरी बघता हा अधिकार कोणी नुसता कपाटात ठेवेल असं मला वाटत नाही. एमआयडीसीभाऊ, तुमच्या ड्रमवर पुढे-मागे याचा परिणाम दिसू शकतो.

---

पारोळेकर_ताई

कायदा राहू द्या, मक्याचं सांगा. २०२४ मध्ये भाव चांगले होते, हे तर खरं ना? आमच्या घरचा मका हमीभावाच्या वर गेला होता. मग २०२५ च्या खरिपात काय झालं? २४०० हमीभाव, आणि व्यापारी १६००-१७०० च्या पुढे बोलेना.

---

तापीकाठी

ताई, हेच नीट मांडायचं होतं. क्रम बघा.

जुलै २०२३: अन्न महामंडळाने डिस्टिलऱ्यांना तांदूळ देणं थांबवलं, कारण महागाई. ७ डिसेंबर २०२३: उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी, कारण साखर कमी पडायची भीती. आठवड्याभरात थोडी सैल केली, १७ लाख टन साखरेइतकीच मुभा. दोन्ही दारं बंद झाल्यावर डिस्टिलरीवाल्यांकडे उरला मका. सरकारने मक्याच्या इथेनॉलचा दरही वाढवून लिटरला ७१.८६ केला. म्हणून २०२४ मध्ये मका चढला.

ऑगस्ट २०२४: दोन्ही दारं परत उघडली. जानेवारी २०२५: इथेनॉलसाठीच्या सरकारी तांदळाचा भाव २८ रुपयांवरून २२.५० रुपये किलो, आणि पुढे ५२ लाख टनांपर्यंत तांदूळ द्यायचं ठरलं. मक्याची मागणी तिथेच वाटली गेली. त्यात भाव बघून सगळ्या देशाने मका पेरला. २०२४ मध्ये मका कसाही पिकला तरी भाव मिळाला, २०२५ मध्ये कितीही उत्तम पिकवला तरी मिळाला नाही. त्यात तुमच्या शेतीचा काहीच दोष नाही.

आता डिस्टिलरीच्या बाजूने हिशेब मांडू. एक क्विंटल मक्यातून साधारण ३८ लिटर इथेनॉल. ३८ गुणिले ७१.८६ म्हणजे २७३० रुपये. वर ३० किलोच्या आसपास डीडीजीएस, म्हणजे उरलेला वाळवलेला चोथा, पशुखाद्याला जातो. तो किलोला १५ रुपये धरला तर ४५०. एकूण ३१८०. मका हमीभावाने २४०० ला घेतला तर हातात ७८० राहतात, लिटरमागे साधारण २० रुपये. त्यात वाफ, वीज, एन्झाइम, पगार, बँकेचे हप्ते. म्हणजे २४०० ला घेणं अगदी अशक्य नाही, पण विक्रीचा दर बांधलेला असल्याने तो मक्याला वर किती देणार याची हद्दही बांधलेली आहे. इथेनॉलमुळे मका ३००० जाईल असं कोणी सांगत असेल तर त्याला हा हिशेब दाखवा.

---

नवापूरकर

कोंबड्यांच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं, तर मी बोलतो. आमचं नवापूर देशाला आठवतं ते २००६ च्या बर्ड फ्लूमुळे, पण इथे अजूनही पोल्ट्रीवर घरं चालतात. खाद्यात निम्म्याहून जास्त मका. २०२४ मध्ये ताई म्हणतात तसा भाव चढला तेव्हा आमचं कंबरडं मोडलं. मका बाहेरून आणायची वेळ आली, म्यानमार-युक्रेनचा माल देशात उतरला. जो देश मका निर्यात करायचा, तो आयातदार झाला.

आणि डीडीजीएसचं कौतुक जरा जपून. प्रोटीन आहे, स्वस्त आहे, मान्य. त्यामुळे सोयापेंडीचा भाव पडला आणि सोयाबीनवाले शेतकरी रडले, हेही मान्य. पण डिस्टिलरीला बुरशी आलेला, काळा पडलेला मका चालतो. अल्कोहोल उडून जातं, अफ्लाटॉक्सिन चोथ्यातच राहतं, आणि मूळ दाण्याच्या साधारण तिप्पट होतं. एका लॉटने माझ्या पक्ष्यांची वाढ अशी खुंटली की तो सगळा बॅच तोट्यात गेला. तेव्हापासून टेस्ट रिपोर्टशिवाय पोतं उतरवून घेत नाही. रंग बघायचा: सोनेरी पिवळा ठीक, कॉफीसारखा तपकिरी म्हणजे वाळवताना जळालेला, त्यातलं प्रोटीन पचत नाही.

---

चोपडा_पंप

विषयात विषय. माझ्या पंपावर रोज एक तरी माणूस मायलेजवरून भांडतो. २० टक्क्यांमुळे खरंच कमी होतं का?

---

धागापाल

गाडी, मायलेज, इंजिन यावर वेगळा धागा चालू आहे. इथे एका प्रतिसादात आटपा, मंडळी.

---

तापीकाठी

एकातच आटपतो. लिटरला लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. पाचवा हिस्सा इथेनॉल म्हटल्यावर सहा-सात टक्के फरक जुन्या गाडीला पडू शकतो. त्याहून जास्त पडला तर कार्बुरेटर, हवा, क्लच बघा. पंपवाले भाऊ, तुमचा खरा प्रश्न पावसाळ्यात असेल.

---

चोपडा_पंप

अगदी. पूर्वी टाकीत पाणी शिरलं तर ते पेट्रोलखाली वेगळं बसायचं. डिप रॉडच्या टोकाला पेस्ट लावली की पाण्यापर्यंतचा रंग बदलायचा, तेवढं उपसलं की झालं. आता पाणी इथेनॉलला धरतं, आणि जास्त झालं की दोघं मिळून तळाला जातात. जुनी पेस्ट ते नीट दाखवतही नाही, वेगळी पेस्ट ठेवावी लागते. मॅनहोलच्या झाकणाचं गॅस्केट मी पावसाळ्याआधी स्वतः बघतो, पोरांवर सोडत नाही. बस, एवढंच. धागापाल, रागावू नका.

---

सातपुडा_पायथा

सगळे भावाचं बोलताय, पाण्याचं कोणी बोलत नाही. यावल-रावेरचं भूजल कुठे गेलंय ते आम्हाला विचारा. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे की उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे २८०० लिटरहून जास्त पाणी लागतं. शिवाय डिस्टिलरीचं ते काळं पाणी. ज्या गावाशेजारी मी लहानपणी राहिलो तिथे नाल्याला जांभूळरंगी फेस यायचा आणि विहिरीचं पाणी गुरंसुद्धा तोंडात घेत नसत.

---

तापीकाठी

त्या काळ्या पाण्याला स्पेंटवॉश म्हणतात. मळीच्या एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर निघतं. नाल्यात सोडलं की पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, मासा शिल्लक राहत नाही. ते दिवस मीही पाहिलेत आणि त्याचं समर्थन करणार नाही. आता नियम शून्य विसर्गाचा आहे: आधी बायोगॅस काढायचा, मग आटवायचं, मग बॉयलरमध्ये जाळायचं. नियम कागदावर चांगला आहे, रात्री दोन वाजता कोण काय सोडतं ते गावाने बघायचं.

जाळल्यावर उरणाऱ्या राखेत मात्र पालाश (पोटॅश) असतं, ऊस जमिनीतून ओढतो तेच. त्याचं खत बनतं. आपल्या देशात पालाश जवळपास सगळं बाहेरून येतं, आणि केळीइतकं पालाश खाणारं पीक आपल्याकडे दुसरं नाही. केळीवाल्यांनी याची चौकशी जरूर करावी. धान्याच्या डिस्टिलरीत ही राख निघत नाही, तिथलं उरलेलं सगळं वाळवून डीडीजीएसमध्ये जातं.

पाण्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. खान्देशात उसावर इथेनॉल वाढवायचं स्वप्न कोणी बघू नये. शहादा-तळोदा पट्टा सोडला तर आपलं ते गणितच नाही.

---

गिरणाकाठ

मग बंद पडलेल्या साखर कारखान्यांचं काय? आमच्या भागात प्रत्येक निवडणुकीत "कारखाना चालू करू, इथेनॉल काढू" हे भाषण असतंच.

---

तापीकाठी

मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांसाठी योजना काढली: उसावरच्या डिस्टिलरीत बदल करून ती मका आणि खराब धान्यावरही चालावी, त्याला व्याजसवलत. कल्पना वाईट नाही. ऊस चार-पाच महिने, बाकी वेळ यंत्रं गंजत बसतात. पण मळीला नुसतं पाणी आणि यीस्ट लागतं. मक्याला आधी दळायचं, शिजवायचं, एन्झाइमने स्टार्चची साखर करायची, आणि शेवटी चोथा वाळवायचा ड्रायर. मोठा खर्च तिथेच.

आणि वेळ उशिराची आहे. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी मागितलं १०५० कोटी लिटर, डिस्टिलऱ्यांनी देऊ केलं १७७६ कोटी. म्हणजे सातशे कोटी लिटरचा माल दारात उभा आहे आणि घेणारा नाही. वाटपात उसाचा वाटा जेमतेम २८ टक्के, साखरवाले त्यावरून नाराज आहेत. मिश्रण २० च्या पुढे जायचा निर्णय होईपर्यंत नवी डिस्टिलरी काढणारा कर्ज कशाच्या जोरावर फेडणार? भाषणात हा आकडा विचारा.

---

एमआयडीसी_जळगाव

म्हणजे उलट माझ्यासाठी बरं की! तेल कंपन्या घेईनात, तर हा जादा माल आमच्याकडे वळेल.

---

तापीकाठी

वळू शकतो, आणि माझ्या मते वळायलाच हवा. मात्र मक्याचं अल्कोहोल महाग, तुम्ही ७१ रुपयांना घेणार का? रसायनवाल्याला परवडतं ते सी-हेवी मळीचं, म्हणजे निघेल तेवढी साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीचं. त्याचा तेल कंपन्यांचा दर ५७.९७ आहे, आणि ती मळीच कमी झाली आहे, कारण कारखाने मळीत थोडी साखर आत ठेवून ती आधीच डिस्टिलरीला देतात, तिला बी-हेवी म्हणतात. या धोरणात रसायन उद्योगाचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

---

बागलाणी_पाव्हना

आप्पा, बठ्ठं समजनं. पन मन्हा घर मका पडेल शे, तो इकू का ठेवू इतलंच सांगा.

---

पारोळेकर_ताई

+१. माझाही तोच प्रश्न, शुद्ध मराठीत.

---

तापीकाठी

भाव सांगणारा मी कोण? पण माझा मका असता तर मी काय केलं असतं ते सांगतो. इथेनॉलची वाट बघितली नसती. डिस्टिलरी हा एक गिऱ्हाईक. चाळीसगाव आणि दोंडाईच्याला मक्याचे स्टार्च कारखाने आहेत, नवापूरला पोल्ट्री आहे, त्या तिघांचे दर विचारून मगच गाडी भरली असती. पैशांची नड असेल तर सगळा माल पडेल भावाने काढण्यापेक्षा बाजार समितीत शेतमाल तारण कर्ज मिळतं का बघायचं. पणन मंडळाच्या योजनेत मका बसतो, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, ६ टक्के व्याज, मुदत सहा महिने. मात्र ओलावा १४ टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर गोदामात बुरशी धरेल आणि मग नवापूरकर तुमचा माल दारातून परत पाठवतील.

---

नवापूरकर

पाठवणारच!

---

बागलाणी_पाव्हना

तारणवालं आमच्या समितीत आहे का ते उद्या विचारतो. गेल्या खेपेला म्हणाले होते गोदाम भरलंय.

---

पारोळेकर_ताई

आमच्याकडेही तेच सांगितलं होतं. कोणत्या समितीत खरोखर जागा आहे ते इथे लिहा रे कोणी. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलीही चालेल. भाडं निघत असेल तर गाडी करून माल नेऊ.